जिरोलामोचा जांदूया कसा झाला

मागच्या महिन्यात मी कोडमधल्या एका फंक्शनचं नाव बदललं आणि दोन तास डोकं धरून बसलो. त्याच रात्री ब्रेडला न्यूटेला फासताना बरणीचा इतिहास वाचत सुटलो. आणि वाचता वाचता थेट एका बाहुलीपाशी पोचलो, जिचं नाव राजकारणापायी बदललं होतं.

साल साधारण १८००. इटलीच्या पिडमाँट भागातले सालेस आणि बेल्लोने हे दोघे बाहुल्यांचे खेळ करत गावोगाव हिंडायचे. त्यांच्या हिरोचं नाव जिरोलामो. गावंढळ, पण आतून बेरकी. पुढे जिनोआत पंचाईत झाली. १८०२ साली तिथे जो प्रमुख, म्हणजे 'दोजे', झाला त्याचं नाव जिरोलामो दुरात्सो! आता बाहुली विनोद करणार, लोक हसणार आणि साहेबांना वाटणार, हे माझ्यावरच. दोघांना जिनोआतून गाशा गुंडाळावा लागला असं सांगतात. तुरिनमध्ये तरी सुटका? पिडमाँट तेव्हा नेपोलियनच्या ताब्यात होतं आणि त्याच्या धाकट्या भावाचं, जेरोमचं, इटालियन नाव काय, तर जिरोलामोच.

या किश्श्याचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. पण नाव बदललं हे नक्की. बाहुली झाली जांदूया. 'जुआन द्ला दोया', म्हणजे दारूच्या सुरईवाला जुआन. तिकोनी टोपी, तपकिरी कोट, मागे शेंडीसारखी वेणी. गाव अस्तीजवळचं काल्यानेत्तो. मला गंमत वाटते ती ही, की सत्तेला घाबरून शोधलेलं हे नाव इतकं रुजलं की पुढे व्यंगचित्रकार अख्खं पिडमाँट दाखवायला जांदूयाच काढू लागले. दुरात्सोचं नाव आज किती जणांना माहीत असेल?

न्यूटेलाचा धागाही नेपोलियनपर्यंत जातो म्हणतात. त्याच्या नाकेबंदीत कोको महागला, म्हणून तुरिनच्या हलवायांनी त्यात तिथलेच हेझलनट वाटून घातले. १८६५ च्या कार्निव्हलमध्ये काफारेल कंपनीने त्याची सोनेरी कागदातली चॉकलेटं काढली आणि त्यांना नाव दिलं याच बाहुलीचं: जांदुयोत्तो. शंभरेक वर्षांनी, १९६४ साली, फेरेरोची न्यूटेला आली.

जुनं नावही पुसलं गेलं नाही. मिलानमध्ये १८६८ साली बाहुल्यांसाठी बांधलेलं थिएटर आहे, तेआत्रो जेरोलामो.