गंधाचे जनुक : कुलाब्यातील माशीपासून माणसाच्या नाकापर्यंत

अँड्रोस्टीनोन नावाचा एक रेणू आहे. रानडुकराच्या लाळेत तो विपुल असतो, माणसाच्या घामातही आढळतो. एकाच कुपीतील हा पदार्थ हुंगून कुणी मूत्राच्या दर्पाने नाक मुरडतो, कुणाला त्यात व्हॅनिलाचा गोडवा जाणवतो, तर कुणाला कुपी रिकामीच वाटते. या मतभेदाचे एक मोठे कारण एकोणिसाव्या गुणसूत्रावरील ‘ओआर७डी४’ या जनुकात आहे, हे २००७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने दाखवले. मात्र ‘एक जनुक, एक गंध’ हा विचार त्याच्या कितीतरी आधी मुंबईत, कुलाब्याच्या समुद्रकाठी, प्रयोगास लावला गेला होता. गंधविज्ञानाच्या प्रचलित कथेत हे प्रकरण सहसा येत नाही.

उत्तर प्रदेशातील बस्ती येथे १९३२ साली जन्मलेले ओबेद सिद्दिकी यांनी ग्लासगोत जनुकशास्त्राचे शिक्षण घेतले. होमी भाभांनी त्यांना १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. भौतिकी आणि गणिताच्या त्या संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा राहावा, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती. पुढे कॅलिफोर्नियात सिमूर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी फळमाशीच्या चेतासंस्थेचा अभ्यास केला. मुंबईत परतल्यावर त्यांनी प्रश्न निवडला तो रुचीचा आणि गंधाचा.

या कामात त्यांना वेरोनिका रॉड्रिग्ज यांची साथ लाभली. केनियातील गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या आणि डब्लिनला शिकलेल्या रॉड्रिग्ज थेट मुंबईस संशोधनासाठी आल्या. दोघांची पद्धत वरकरणी साधी होती. रसायनाने माश्यांच्या जनुकांत बदल घडवायचे, मग दोन फाटे फुटणाऱ्या काचेच्या नळीत त्या सोडायच्या. एका फाट्यात गंध, दुसऱ्यात स्वच्छ हवा. गंधाकडे वळण्यात चुकणाऱ्या माश्या वेगळ्या काढायच्या. शोध एक्स गुणसूत्रापुरता ठेवला होता. नरामध्ये त्याची एकच प्रत असल्याने बिघाड झाकला जात नाही. १९७८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा उत्परिवर्ती माश्यांचे वर्णन आहे. त्यांतील लक्षणीय बाब अशी, की काही माश्या सर्वच गंधांना पारख्या नव्हत्या. एका प्रकारच्या रसायनांना त्या चुकत, इतरांना नीट ओळखत. म्हणजे गंधज्ञानाचे तुकडे पाडता येतात आणि त्या तुकड्यांना जनुकीय आधार आहे.

रंगदृष्टीशी तुलना केली तर या निष्कर्षाचे वजन कळते. डोळा तीन प्रकारच्या शंकुपेशींवर सारे रंग भागवतो. नाकालाही अशी मोजकीच ग्राही प्रथिने पुरतात, की शेकडो लागतात? हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

१९९० साली गैती हसन यांनी मुंबईतील त्या उत्परिवर्ती माश्यांपैकी ‘ओएलएफ-ई’चे जनुक वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. ते गंधग्राही प्रथिनाचे जनुक नव्हते. पुढच्याच वर्षी लिंडा बक आणि रिचर्ड ऍक्सेल यांनी उंदराच्या नाकातील ऊतीतून गंधग्राहींचे प्रचंड कुटुंब शोधून काढले. २००४ चे नोबेल त्याचेच. त्यांनी वर्तनाची वाट सोडली होती. केवळ नाकातच कार्यरत असणारी, पेशीपटल सात वेळा ओलांडणाऱ्या प्रथिनांची जनुके त्यांनी थेट धुंडाळली. मुंबईची वाट चुकीची नव्हती, लांबची होती. गंध न ओळखणाऱ्या माशीत ग्राही प्रथिनच बिघडलेले असेल असे नाही. चेतापेशीची वाढ वा संदेशवहन बिघडले तरी परिणाम तोच दिसतो.

शिवाय माशीने आणखी एक चकवा दिला. उंदराच्या जनुकांशी साम्य शोधून माशीची ग्राही जनुके सापडेनात. ती १९९९ साली हाती आली, तेव्हा कळले की त्यांचे कुळच निराळे आहे. २००६ साली तर ती पेशीपटलात उलटी बसतात असे दिसून आले. म्हणजे माशी आणि माणूस यांनी शेकडो रेणू ओळखण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवला, आणि दोघांचे उत्तर मात्र सारखे निघाले: ग्राही अनेक, आणि सामान्यतः प्रत्येक चेतापेशीत गंध निवडणारे एकच. रॉड्रिग्ज यांनी १९८८ साली माशीच्या मेंदूत वेगवेगळ्या गंधांनी वेगवेगळे भाग उद्दीपित होतात हे दाखवले होते. तो नकाशा या उत्तराशी चांगला जुळला.

१९९९ च्या संशोधकांत लेस्ली वॉशॉल होत्या. त्यांनीच पुढे आंद्रेआस केलर, हिरोआकी मात्सुनामी आदींसह माणसाकडे मोर्चा वळवला. माणसात सुमारे चारशे गंधग्राही जनुके शाबूत आहेत; जवळपास तितकीच निकामी होऊन जनुकसंचात पडून आहेत. शाबूत असलेल्या ओआर७डी४ च्या प्रथिनात ८८ व्या आणि १३३ व्या स्थानावरील दोन अमिनो आम्ले बदलली, की प्रयोगशाळेतील पेशी अँड्रोस्टीनोनला प्रतिसाद देणे जवळजवळ थांबवतात. असे बदललेले रूप धारण करणाऱ्या स्वयंसेवकांना तोच दर्प कमी तीव्र आणि कमी किळसवाणा वाटला.

कुलाब्याच्या नळीत माशी ज्या फाट्यावर चुकत होती, तोच फाटा आता माणसाच्या नाकात अमिनो आम्लाच्या क्रमांकासह सापडला होता. वेरोनिका रॉड्रिग्ज २०१० साली निवर्तल्या, सिद्दिकी २०१३ साली. सिद्दिकींनी बंगळुरूत उभारलेल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात माशीच्या गंधज्ञानावरील काम पुढे चालू राहिले.