तलफ ओळखणारे घड्याळ: विडी-सिगारेट सोडताना सेन्सर कशी मदत करतात?

धूम्रपान सोडायचे ठरवलेल्या माणसाच्या मनगटावरच्या घड्याळाने किंवा खिशातल्या मोबाईलने धोक्याचा क्षण ओळखायचा आणि त्याच मिनिटाला त्याला सावध करणारी सूचना द्यायची, अशी ही पद्धत आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिच्यावर बरेच संशोधन झाले आहे.

सूचना वेळेवर येण्याला इतके महत्त्व का? तलफ दिवसभर सारखी नसते. ती लाटेसारखी येते, चढते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. त्या मिनिटांत विडी हाताशी असेल तर निश्चय डळमळतो. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत कठीण असतात, आणि ‘एकच ओढतो’ म्हणून घेतलेला झुरका अनेकांना पुन्हा जुन्या सवयीकडे नेतो. सकाळी आठला वाचलेला संदेश दुपारी टपरीवर आठवेलच असे नाही.

नुसत्या एसएमएसचाही उपयोग होतो, हे खरे. ब्रिटनमध्ये सुमारे ५,८०० जणांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रोत्साहनाचे संदेश मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के लोक सहा महिन्यांनंतरही धूम्रपानापासून दूर होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४.९ टक्के होते. भारतातही केंद्र सरकारने २०१६ मध्ये मिस्ड कॉल देऊन नाव नोंदवता येईल असा ‘एम-सेसेशन’ कार्यक्रम सुरू केला. पण असे संदेश ठरलेल्या वेळापत्रकाने येतात. माणूस त्या घटकेला कुठे आणि कोणाबरोबर आहे, हे त्यांना कळत नाही. सेन्सरची गरज इथे लागते.

घड्याळाला झुरका कसा कळतो?

स्मार्टवॉचमध्ये हालचालीचा वेग आणि वळण मोजणारे छोटे सेन्सर असतात. सिगारेट ओढताना हात तोंडाकडे जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. जेवताना, चहा पिताना किंवा मिशीवरून हात फिरवतानाही हात तोंडाजवळ जातो, त्यामुळे नुसत्या मनगटावरून अंदाज चुकू शकतो. म्हणून अमेरिकेतल्या मेम्फिस विद्यापीठात संतोष कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या ‘पफमार्कर’ या पद्धतीत मनगटावरच्या सेन्सरला छातीवरच्या पट्ट्याची जोड दिली. झुरक्याच्या वेळी श्वासाची लय बदलते, ती हा पट्टा टिपतो. असा पट्टा बांधून कोणी रोज कामावर जाईल का, हा प्रश्न उरतोच. ब्रिस्टल विद्यापीठाने अलीकडे फक्त घड्याळ वापरून १८ जणांवर दोन आठवडे प्रयोग केला. त्यात लोकांना हे घड्याळ चालते का एवढेच पाहायचे होते. त्याने व्यसन सुटते का, हे नव्हे.

या सगळ्यात एक अडचण आहे. घड्याळाला झुरका कळतो तेव्हा झुरका घेऊन झालेला असतो.

आधीच सावध करायचे तर तलफ कशाने चाळवते ते माहीत हवे. ‘क्विट सेन्स’ हे ब्रिटिश अ‍ॅप हे काम साध्या मार्गाने करते. सोडण्याच्या दिवसाआधी माणूस प्रत्येक सिगारेटची नोंद करतो आणि फोन ती जागा लक्षात ठेवतो. सोडल्यानंतर तो त्या जागी गेला की फोनवर मदतीचा संदेश येतो. २०९ जणांच्या चाचणीत सहा महिन्यांनी या अ‍ॅपच्या गटातले ११.५ टक्के आणि दुसऱ्या गटातले २.९ टक्के लोक धूम्रपानमुक्त असल्याचे तपासणीत दिसले. आकडे उत्साह वाढवणारे आहेत, पण चाचणी लहान आहे.

वरकुट्यात हे चालेल का?

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यातल्या वरकुट्यासारख्या गावाचा विचार केला की हिशेब बदलतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील ३.८ टक्के लोक धूम्रपान करतात, तर २४.४ टक्के लोक तंबाखू चघळतात, मळतात किंवा मिश्री लावतात. झुरका शोधणाऱ्या घड्याळाला यातले बहुतेक काही दिसणारच नाही. मिश्री लावणारा हात तर त्याला दात घासणारा वाटेल! देशभरात सिगारेटपेक्षा विडी ओढणारे जास्त आहेत, आणि विडी विझू नये म्हणून झुरके भराभर घ्यावे लागतात. सिगारेटवर शिकवलेल्या यंत्राला ही लय नव्याने शिकवावी लागेल.

जागेवरून सावध करणेही इथे सोपे नाही. लहान गावात टपरी, दूध डेअरी आणि एसटीचा थांबा बहुधा एकाच चौकात असतात. दुधाची किटली घेऊन गेले तरी फोन वाजणार. चार दिवसांत माणूस त्याकडे दुर्लक्ष करायला लागेल. माझ्या मते अशा ठिकाणी जागेपेक्षा वेळ आणि सोबत जास्त उपयोगी पडतील: जेवणानंतर, पहाटे पाण्याची पाळी धरताना, ऊसतोडीच्या फडात विसाव्याला बसल्यावर.

शिवाय असे अ‍ॅप आपण दिवसभर कुठे जातो याची नोंद ठेवते. ही माहिती फोनमध्येच राहते की कंपनीकडे जाते, ते आधी पाहावे.

घड्याळ नसेल तर

याच पद्धतीची घरगुती आवृत्ती साध्या फोनवरही जमते. सोडण्याआधी आठवडाभर प्रत्येक विडीची किंवा तंबाखूच्या चिमटीची वेळ, जागा आणि सोबत वहीत लिहा. त्यातल्या तीन-चार ठरलेल्या वेळा निवडून त्याच्या पाच मिनिटे आधीचा गजर लावा. गजराला नाव देता येत असेल तर तिथे स्वतःच्या शब्दांत लिहा, नातवाचे नाव लिहिले तरी चालेल. गजर वाजला की जागा सोडा, पाणी प्या, कोणाला तरी फोन लावा. तलफ फारच त्रास देत असेल तर निकोटीनच्या च्युइंगगमबद्दल डॉक्टरांना विचारा. समुपदेशकाशी बोलायचे असेल तर तंबाखूच्या पाकिटांवर २०१८ पासून छापला जाणारा राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे. हा फोन मोफत आहे.