अमुद्रणीय चिन्हे गाळणे

बायनरी फाइलमधला मजकूर टर्मिनलवर वाचता यावा म्हणून, छापता न येणारे बाइट वगळण्याची किंवा खुणांनी दाखवण्याची युनिक्स-लिनक्समधली रीत. ॲस्कीच्या १२८ संकेतांपैकी ३२ ते १२६ हे ९५ छापता येतात. ० ते ३१ आणि १२७ हे नियंत्रणसंकेत. टर्मिनल त्यांना हुकूम समजून पाळते. ७ ने घंटी वाजते, २७ ने रंग बदलतो किंवा कर्सर भलतीकडे जातो, १४ ने चिन्हसंच पालटून पुढची अक्षरे रेघोट्यांसारखी दिसू लागतात. चित्राची फाइल ‘कॅट’ या आज्ञेने उघडल्यावर पडदा बिघडतो तो यामुळेच. ‘रिसेट’ आज्ञेने तो बहुधा ताळ्यावर येतो.

‘कॅट’चा ‘व्ही’ पर्याय असे संकेत खुणांनी दाखवतो. फाइली जोडणाऱ्या साधनावर हे काम लादू नये, अशी टीका युनिक्सवर काम करणारे प्रोग्रामर रॉब पाइक यांनी १९८३ मध्ये केली. टीका रास्त होती. पर्याय मात्र टिकला.

बाइट बदलणाऱ्या किंवा गाळणाऱ्या ‘टीआर’ आज्ञेला ‘सी’ आणि ‘डी’ हे पर्याय देऊन ठेवायच्या बाइटांची यादी दिली, की बाकीचे सगळे गळतात. यादीत टॅब व नवी ओळ घालायला विसरले तर सगळा मजकूर एकाच ओळीत येतो. शिवाय योगायोगाने छापण्याजोगे ठरलेले सुटे बाइटही मागे राहतात. म्हणून शोधासाठी ‘स्ट्रिंग्ज’ बरी: सलग किमान ४ छापण्याजोगी चिन्हे असतील तरच ती दाखवते. ही मर्यादा ‘एन’ पर्यायाने वाढवता येते. विंडोजच्या फाइलींत मजकूर अनेकदा १६ बिटांचा असतो आणि प्रत्येक रोमन अक्षरामागे शून्य बाइट येतो. तिथे ‘स्ट्रिंग्ज’च्या ‘ई’ पर्यायाला ‘एल’ जोडावे लागते.

मराठी मजकुराला ही गाळणी घातक आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि ते सगळे १२७ च्या वरचे असतात. ‘महाराष्ट्र’ या शब्दाचे ३० बाइट ॲस्कीपुरत्या यादीतून एकही न उरता जातात. ग्नूची ‘टीआर’ आजवर बाइटागणिक चालत आली आहे, त्यामुळे प्रणालीची भाषा-मांडणी (लोकेल) बदलूनही उपयोग होत नाही. अशा वेळी टॅब आणि नवी ओळ सोडून नियंत्रणसंकेत तेवढे काढावेत, आणि संकेतप्रणाली बदलणाऱ्या ‘आयकॉन्व्ह’ला ‘सी’ पर्याय देऊन यूटीएफ-८ मध्ये न बसणारे बाइट टाकून द्यावेत.

गाळलेला मजकूर मूळ फाइलवरच वळवू नये. आज्ञा सुरू होण्याआधीच शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्राम, ती फाइल रिकामी करते.