ठशाचा घाव

आजीच्या पुतळ्यांच्या माळेची वाटणी जुन्या सांगवीतल्या आमच्या घरात, पाटावर धुतलेला पंचा पसरून झाली. माळेत सत्तावीस पुतळ्या होत्या आणि वाटेकरी चार: दोन आत्या, काका आणि माझे वडील. हिशेब बसेना, म्हणून एकेक पुतळी तोलायचं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं, कारण घरात मापाचा माणूस मी. औंधच्या आयटीआयमधून टूल अँड डाय मेकरचा ट्रेड करून भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये मी तेव्हा पंचवीस वर्षं काढली होती. मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटांना कळतो, असा माझा लौकिक होता.

वजनं जवळजवळ सारखी भरली, साडेतीन ग्रॅमच्या आसपास. जुन्या मापात २८-२९ गुंजा. पण भिंगाखाली धरल्यावर तीन पुतळ्या वेगळ्या जातीच्या निघाल्या. आजी सगळ्या पुतळ्यांकडे बोट दाखवून सांगायची, हा उभा राम, हा गुडघे टेकलेला मारुती आणि मधे ध्वज. चोवीस पुतळ्यांवर तसंच दिसत होतं, आणि कडेने अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. त्या तिघींवर मात्र अक्षरं होती. वाचता येणारी, रोमन.

आजीचा राम म्हणजे संत मार्क. मारुती म्हणजे व्हेनिसचा दोज, त्या प्रजासत्ताकाचा निवडून आलेला प्रमुख, संताच्या हातून ध्वज स्वीकारणारा. मागच्या बाजूला चांदण्यांच्या महिरपीत येशू ख्रिस्त. व्हेनिसने हे सोन्याचं नाणं, डुकाट, १२८४ साली पाडायला घेतलं आणि १७९७ मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडवेपर्यंत त्याचं वजन, कस आणि चित्र जवळपास तेच ठेवलं. पाचशे वर्षं एकच कस! म्हणूनच मिरी आणि कापडाच्या बदल्यात तांबड्या समुद्रावरून आलेलं हे नाणं आपल्या किनाऱ्यावर कोणी नाकारलं नाही. आपण त्यावरच्या बाहुल्या पाहून त्याला पुतळी म्हटलं. दक्षिणेत त्याला शानार काशू म्हणत, कारण तिथल्या लोकांना तो ध्वजाचा दांडा ताडाचं झाड वाटला आणि दोज ताडी काढणारा शानार. प्रत्येकाने आपल्या ओळखीचा माणूस त्यात पाहिला.

दोज बदलला की नाण्यावरचं नाव बदलायचं, त्यामुळे खऱ्या डुकाटचा काळ सांगता येतो. आमच्या तिघींपैकी एकीवर पाओलो रेनिअरचं नाव आहे. तो १७७९ ते १७८९ दोज होता. पुण्यात तेव्हा सवाई माधवरावांची कारकीर्द, कारभार नाना फडणवीसांचा. व्हेनिसमध्ये ठसा उमटलेली ती चकती कुठल्या बंदरात उतरली, कुठल्या सराफाच्या हातून आमच्या घराण्यात आली, कोण सांगणार! पण ती आजीच्या गळ्यात होती आणि स्वयंपाक करताना पदराआड किणकिणायची, एवढं मी कानाने ऐकलेलं आहे.

मग बाकीच्या चोवीस खोट्या का? धाकट्या आत्याने हाच प्रश्न विचारला, आणि तिचा आवाज जरा चढलेला होता, कारण तिच्या वाट्याला त्याच आल्या होत्या. मी तेव्हा गप्प बसलो. उत्तर द्यायला मला पुढे दोन वर्षं लागली.

मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणला. त्यावर प्लास्टिकच्या छोट्या वाटीत पाणी ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि दोऱ्याला बांधलेली पुतळी, तळाला किंवा कडेला न टेकवता, पाण्यात लोंबकळत धरायची. काटा जो आकडा दाखवतो ते पुतळीने सारलेल्या पाण्याचं वजन. पुतळीच्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता. शुद्ध सोन्याची १९.३. माळेत ओवण्यासाठी कडी लावलेली असते आणि कडीच्या डाखात तांबं-चांदी असते, त्यामुळे आकडा खाली येतो, म्हणून चार पुतळ्यांच्या कड्या आधी सोनाराकडून काढून घेतल्या. रेनिअरची पुतळी ३.४६२ ग्रॅम, पाण्यात ०.१८१, म्हणजे घनता १९.१. आत्याच्या, रेघांच्या अक्षरांच्या पुतळीचं वजन ३.४५८, पाण्यात ०.१८३, म्हणजे १८.९. आजच्या बावीस कॅरेटचा तेवढाच तुकडा पाणी सारताना ०.१९५ दाखवतो. आमच्याकडच्या कुठल्याशा सोनाराने व्हेनिसचं चित्र नकलून घेतलं, अक्षरं येत नव्हती ती रेघांनी भरली, पण सोन्यात हात मारला नाही. कुणाला फसवायला त्याने ती केली नव्हती. माळ पुरी करायची होती आणि व्हेनिसची नाणी तेवढी मिळत नव्हती. आत्याला मी सांगितलं, तुझी पुतळी खरी आहे, फक्त व्हेनिसची नाही. ती म्हणाली, "मला कुठं व्हेनिसला जायचंय?"

या पुतळ्यांमुळे मी नाण्यांच्या माणसांत आलो. सांगवीत, पवना मुळेला मिळते त्या बाजूला, आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी एका मित्राच्या घरी जमतो. एक बँकेतून निवृत्त, एक पिंपळे गुरवचे शाळामास्तर, एक सराफीत उमेदवारी केलेला, एक चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यातला तरुण पोरगा. टेबलावर हिरवी मखमल. नाणं कधी हातातून हातात द्यायचं नाही. देणाऱ्याने मखमलीवर ठेवायचं, घेणाऱ्याने तिथून उचलायचं, तेही कडेने. पडलं तर कोणाच्या हातून पडलं हा वादच नको. आणि 'खोटं' हा शब्द वापरायचा नाही. "मला पटत नाही" एवढंच म्हणायचं. समोरच्याने त्यात पैसे आणि जीव दोन्ही घातलेला असतो.

नाणी पारखायचं काम आपल्याकडे पूर्वी वतनाचं होतं. मराठी राज्यात एकाच बाजारात दहा टांकसाळींची नाणी फिरत, वसुलीलाही तीच येत. आमच्या शेजारच्या चिंचवडलासुद्धा पेशवाईत टांकसाळ होती. प्रत्येक नाण्याचं वजन आणि कस पाहून बट्टा ठरवणारा माणूस लागे. तो पोतदार. सरकारी भरणा त्याच्या पारखीशिवाय जमा होत नसे. कसोटीच्या काळ्या दगडावर सोनं ओढायचं, शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढायची आणि दोन रेघांचा रंग ताडून पाहायचा. चांदीचं नाणं दगडावर टाकून नाद ऐकायचा. पोतदार, पारखी, नाणावटी ही आडनावं आज फोनच्या यादीत उरली आहेत. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने सगळीकडे एकच रुपया केला आणि या माणसांचं मोठं काम हळूहळू गेलं. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या चलनावर आणि टांकसाळींवर सविस्तर निबंध लिहिला तोपर्यंत त्या टांकसाळी इतिहासजमा झाल्या होत्या.

आमच्या मखमलीवर सगळ्यात जपून ठेवलं जाणारं नाणं एकच: सोन्याचा शिवराई होन. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. वजन साधारण पावणेतीन ग्रॅम, आकार शर्टाच्या बटणाएवढा. तांब्याच्या शिवराया पुष्कळ, त्या एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होत्या. होन मात्र फार थोडे उरले आहेत. सभासदाने आपल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्याची यादी दिली आहे, तीत अच्युतराई, देवराई, सणगरी, धारवाडी असे कितीतरी परमुलखाचे होन आहेत आणि त्यांच्या ओळीत महाराजांचा स्वतःचा होन. मला ती यादी वाचताना दर वेळी भरून येतं. दुसऱ्यांच्या नावाच्या नाण्यांत आपलं नाव घालणं म्हणजे काय, हे १६७४ च्या रायगडावर सगळ्यांना कळत होतं.

त्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन तहाची कलमं घेऊन हजर होता. त्यातल्या एका कलमात मुंबईची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत अशी मागणी होती. महाराजांकडून आलेलं उत्तर पोतदाराच्या तोंडी शोभावं असं आहे: आम्ही कुठल्याच नाण्याला मनाई करत नाही, पण रयतेला तोटा होईल असं नाणं घ्या म्हणून तिच्यावर सक्तीही करणार नाही, तुमचं नाणं मोगलांच्या नाण्याइतकं कसदार आणि वजनदार असेल तर ते चालेल. नाण्यावर नाव कुणाचंही असो, आधी कस आणि वजन.

पण आजच्या होनाला हीच कसोटी पुरत नाही. होनाला मिळणारी किंमत त्यातल्या सोन्याच्या कितीतरी पट असते, तेव्हा नक्कल करणाऱ्याला चांगलं सोनं घालणं परवडतं. जुने दागिने आटवून तो जुन्या कसाचं सोनं वापरतो. सराफाच्या दुकानातलं कस मोजणारं एक्सआरएफ यंत्र अशा होनाला पास करतं. घनता बरोबर, कस बरोबर, वजनही बरोबर. सोनं खरं आणि नाणं खोटं.

इथे प्रेस शॉप कामाला येतं. आमच्याकडे एका ऑपरेशनला कॉइनिंगच म्हणतात: ब्लँक, म्हणजे कोरी चकती, दोन ठशांमध्ये दाबून त्यावर आकार उठवायचा. त्या काळी खालचा ठसा ऐरणीत रोवलेला, वरचा कारागिराच्या हातात, आणि वरून हातोडा. घाव बसला की माल वाहतो. मधून कडेकडे सरकतो, अक्षरांच्या खाचेत चढतो, कडेला कधी तडकतो. भिंगाखाली अक्षराच्या बुडाशी ती ओढ दिसते आणि नाण्याची सपाट जागा दाबामुळे घट्ट, ताणलेल्या कातड्यासारखी लागते. ओतीव नगात माल वाहत नाही, थिजतो. अक्षराची कड गोलावते, खोलगट जागी सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात, थंड होताना नग किंचित आकसतो. कडेला साच्याचा सांधा असतो, तो कानशीने घासून काढलेला दिसतो. म्हणून मी नाणं हातात घेतल्यावर आधी अक्षर वाचत नाही. उभं धरून कड बघतो.

चाकणचा पोरगा एकदा एक गोष्ट घेऊन आला. कारखान्याच्या पायाच्या खोदाईत हंडा सापडलाय म्हणे, एक होन दाखवायला दिलाय, तपासून घ्या, पटला तर बाकीचे गुपचूप घ्या. ही रीत जुनी आहे. दाखवायचं नाणं खरं असतं आणि पिशवीतली पितळेची. त्याला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. जमिनीत सापडलेलं धन १८७८ च्या कायद्याने आधी कलेक्टरला कळवावं लागतं, तेव्हा खरं असलं तरी ते असं घेता येत नाही. आणि ज्या नाण्याला त्याच्याहून मोठी गोष्ट चिकटलेली असते त्याची गोष्ट आधी बाजूला काढून ठेवायची. पोरगा परत गेला, नाणं ज्याचं त्याला देऊन आला.

पण माणूस फसतो तो गोष्ट न चिकटलेल्या नाण्याने. मास्तरांना आम्ही सर म्हणतो. सरांनी ग्रॅच्युइटीतून एक होन घेतला होता, माहितीतल्या एका माणसाकडून. आम्ही सगळ्यांनी पाहिला होता आणि मीही मान डोलावली होती. होन सुरेख होता. 'शि'च्या वेलांटीवर एक बारीक ओरखडा, ठिपक्यांच्या वर्तुळाच्या उजव्या अंगाला खाली एक टोचा. तीनशे वर्षं जगलेल्या नाण्यावर एवढं असायचंच. दोन वर्षांनी बँकेतले मित्र दुसऱ्या गावाहून एक होन घेऊन आले आणि मखमलीवर सरांच्या होनाशेजारी ठेवला.

वेलांटीवर ओरखडा. उजव्या अंगाला खाली टोचा.

एका ठशाने शेकडो नाणी पाडता येतात. ठशाला चीर गेली तर ती चीर पुढच्या प्रत्येक नाण्यावर उतरते, आणि तिच्यावरून तर आम्ही दोन नाणी एका ठशाची म्हणून जुळवतो. पण घाव दर वेळी वेगळा पडतो. चकती अर्धा केस इकडे-तिकडे सरकते, हात दमलेला असतो, सोनं कमी-जास्त तापलेलं असतं. आणि ओरखडा तर टांकसाळीतून बाहेर पडल्यावर नाण्याच्या अंगावर येतो. तो त्या एकट्याचा असतो. दोन होनांवर एकच ओरखडा असेल तर दोघं एका मूळ नाण्याच्या साच्यातून निघाले. मी कड पाहिली. या वेळी नीट पाहिली. कानशीच्या रेघा होत्या, वर फडक्याने पॉलिश मारून बुजवलेल्या. पहिल्या वेळी मी अक्षरांत रमलो होतो. तो होन मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होतो आणि त्यावर महाराजांचं नाव होतं.

कोणीच "मला पटत नाही" म्हणालं नाही. सरांनी आपला होन उचलला, पाकिटात ठेवला, चहा संपवला आणि नदीकाठच्या रस्त्याने घरी गेले. मी मागून गेलो. मी म्हणालो, "सर, माझी चूक झाली, मी कड पाहिली नव्हती." ते म्हणाले, "तुम्ही पाहिली असती तरी मी घेतला असता." पुढे महिनाभर ते आले नाहीत.

आले तेव्हा त्या पाकिटात एक चिठ्ठी होती, त्यांच्या शाळेच्या अक्षरात: 'ओतीव. दोन नग, साचा एक.' होन त्यांनी मोडला नाही, विकला तर नाहीच. आता कोणी नवखा आमच्यात आला की सर चिठ्ठी खिशात घालतात, तोच होन आधी मखमलीवर ठेवतात आणि भिंग पुढे करतात. काही बोलत नाहीत. नवखा 'श्री राजा शिव' वाचतो, पुन्हा वाचतो, चेहरा उजळतो. सर त्याच्या बोटांकडे बघत असतात, नाणं उभं धरतोय का ते.