डेबियनचा संग्रह आणि रंगनाथन यांचे पैलू

१९९३ च्या ऑगस्ट महिन्यात ईअन मर्डॉक यांनी डेबियन ह्या लिनक्स वितरणाची घोषणा केली. १९९६ साली निघालेल्या त्याच्या १.१ ह्या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. २००५ च्या ३.१ ह्या आवृत्तीत ती सुमारे १५,४०० झाली. पॅकेज म्हणजे संगणकावर बसविण्यासाठी बांधून ठेवलेली आज्ञावली व तिची वर्णनपत्रिका. पहिल्या संग्रहाची यादी जाणकारास एका बैठकीत वाचून काढता येई, दुसऱ्याची नाही. संग्रह वाढत जावा आणि त्यातील वस्तू सापडेनाशी व्हावी, हा ग्रंथालयांचा जुनाच अनुभव येथे नव्या रूपाने आला.

डेबियनची मूळ व्यवस्था कपाटाची होती. वर्णनपत्रिकेत विभागाचा एक रकाना असे आणि त्यात एकच नाव लिहिता येई. शिवाय विभाजनाचे तत्त्वही एक नव्हते. 'ग्राफिक्स' हा विभाग उपयोगावरून पाडलेला, 'पायथन' रचनेच्या भाषेवरून, तर 'ग्नोम' आज्ञावली ज्या दृश्य परिसरात वावरते त्यावरून. 'एव्हिन्स' हे पीडीएफ दस्तऐवज पाहण्याचे साधन ह्या 'ग्नोम' विभागात आहे. त्याच्या नावावरून काही बोध होत नाही आणि विभागावरून उपयोग कळत नाही. शब्दशोधाची सोय होती खरी. तथापि कर्त्याने 'व्ह्यूअर' म्हटले आणि शोधणाऱ्याने 'रीडर' म्हटले, की दोघांची गाठ पडणे दुरापास्तच.

ह्या अडचणीवर एन्रिको झिनी यांनी 'डेबटॅग्ज' ही योजना उभी केली. तिचा आधार शियाळी रामामृत रंगनाथन यांचे पैलूनिष्ठ वर्गीकरण हा होय. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल असताना रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. विषयवृक्षाच्या एखाद्या फांदीवर ग्रंथ टांगण्याऐवजी व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, स्थल व काल ह्या पैलूंनी त्याचा विषय उलगडावा आणि मग जोडावा, ही त्यांची परिणत भूमिका. डेबटॅग्जमध्ये एव्हिन्सला 'यूज::व्ह्यूइंग', 'वर्क्स-विथ-फॉर्मॅट::पीडीएफ', 'रोल::प्रोग्रॅम' अशा अनेक खुणा एकाच वेळी लागू शकतात. रंगनाथनांचा अपूर्णविराम येथे दुहेरी होऊन परत आला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण चिन्हसाम्यावरून वंश ठरवू नये. तो पैलूंना एकमेकांशी जोडी. हा पैलूचे नाव व त्याचे मूल्य यांच्यामध्ये उभा असतो.

खरा भेद याहून खोल आहे. छापील ग्रंथाला फळीवर एकच जागा मिळते. म्हणून रंगनाथन यांना पैलूंचा क्रम ठरवावाच लागला, आणि त्यांच्या पद्धतीतील पुष्कळसा काटेकोरपणा ह्या सक्तीतून आलेला आहे. पॅकेजाला फळी नाही, म्हणून क्रमही नाही. शोधणारा कोणत्याही पैलूपासून आरंभ करू शकतो. हा लाभ मोठा आहे, परंतु फळीबरोबर फळीचा धाकही गेला. चुकीच्या जागी ठेवलेला ग्रंथ निदान कोठेतरी दिसतो. ज्याला खूण लागलेली नाही ते पॅकेज पैलूंच्या शोधात दिसतच नाही. ह्या शब्दसंग्रहात 'खूण नसणे' याचे दोन अर्थ होतात: तो गुण नाही, किंवा कोणी पाहिलेच नाही. व्याकरणात शून्य प्रत्यय आणि प्रत्ययाचा अभाव यांत जो फरक करावा लागतो, तोच येथे करणे भाग पडले. आणि 'स्पेशल::नॉट-येट-टॅग्ड' अशी एक खूण अभावासाठीच निर्माण झाली.

खुणा लावण्याचे काम कोणाही स्वयंसेवकास खुले होते. ग्रंथपाल हा स्वतंत्र अधिकारी मात्र नव्हता, आणि पॅकेजांची आवक चालूच होती. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत त्यांची संख्या ६४,००० च्या वर गेली. दरम्यान जानेवारी २०११ मध्ये न्यूरेंबर्ग येथे अनेक वितरणांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि त्यातून 'ॲपस्ट्रीम' ही योजना निघाली. तीत आज्ञावलीचा सारांश, वर्णन, वर्ग व शोधशब्द मूळ कर्त्यानेच लिहून द्यावयाचे असतात. म्हणजे नाव देण्याचा अधिकार पुन्हा कर्त्याकडे गेला; 'रीडर' म्हणणारा शोधक त्याला आधीच आठवला तर ठीक.