कातळावरची गोगलगाय

रेडिओवर चालणारी गाडी म्हटली की सुसाट पळणारीच डोळ्यांसमोर येते. मी घेतलेली स्वस्तातली ‘रॉक क्रॉलर’ मात्र गोगलगायीच्या चालीने जाते. शेलारला काळ्या दगडांवर तिला सोडली आणि हळू चालणं किती अवघड असतं ते कळलं!

तसा हा खेळ जुना. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने बिनतारी लहरींवर छोटी बोट चालवून दाखवली. १९७६ मध्ये जपानच्या तामियाने पोर्शे ९३४ चा संच आणला. गाडी स्वतः जोडायची, रेडिओ वेगळा घ्यायचा. २७ मेगाहर्ट्झच्या जमान्यात दोघांची क्रिस्टल्स सारखी निघाली, की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी पळायची. २.४ गीगाहर्ट्झने ती कटकट संपवली. (भारतात हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला.)

आता काय, खोक्यातून काढा, चार्ज करा, चालवा. स्वस्ताई दिसते ती स्टिअरिंगमध्ये: दगडात चाक अडकलं की बिचारा सर्व्हो हात टेकतो. गिअरचं काम मात्र चोख. मोटर भराभर फिरते, चाकं सावकाश. वेग देऊन जोर घ्यायचा. डिफरन्शियल लॉक असल्याने एक चाक अधांतरी असलं तरी जोडीचं चाक गाडी ढकलतं.

रेडिओ स्वस्त झाला, जोडायची मेहनत गेली. गिअरचं गणित तेवढं तसंच राहिलं. इंजिनिअरिंगला ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, समजलं शेलारच्या दगडावर. असो. आता सर्व्हो बदलायला स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो, १९७६ सालच्या पोरांसारखा!