भाजलेल्या जखमांवरील वनस्पतिज मलमे
भाजल्यामुळे त्वचेचे संरक्षक आवरण नष्ट होते, जखमेतून द्रव पाझरतो व जंतुसंसर्गाचा धोका उत्पन्न होतो. अशा जखमांवर वनस्पतिज लेप लावण्याची परंपरा भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे दग्धाचे चार प्रकार वर्णिले असून प्रत्येकाची चिकित्सा निराळी सांगितली आहे. मेण, ज्येष्ठमध, लोध्र, राळ, मंजिष्ठा, चंदन व मूर्वा यांनी तूप सिद्ध करण्याची कृतीही तेथे आहे. मेण व तूप यांच्या स्निग्ध आधारात औषधे मिसळण्याचे हे तंत्र आधुनिक मलमाचे पूर्वरूप म्हणता येईल. अतिदग्ध जखम गुळवेलीच्या पानांनी झाकावी, असाही निर्देश आढळतो.

विसाव्या शतकात अशा उपायांची रुग्णालयीन पारख सुरू झाली. अमेरिकेत १९३५ मध्ये क्ष-किरणांनी झालेल्या त्वचादाहावर कोरफडीच्या ताज्या पानाचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध झाले. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझीन हे रासायनिक मलम प्रचारात आणले आणि पुढे नव्या उपायांची तुलना बहुधा त्याच्याशीच होऊ लागली.

महाराष्ट्रात स्वस्त व सुलभ आवरणांचा शोध विशेष झाला. मुंबईत केसवानी व पाटील यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून १९८५ मध्ये प्राथमिक निष्कर्ष मांडले. साल जखम ओलसर राखते. मात्र तिच्यात जंतुनाशक गुण नाही. सोलापूर येथे एम्. सुब्रह्मण्यम् यांनी मधाचा अभ्यास केला. मध हा मधमाश्यांनी बनविलेला असला, तरी त्याचे मूळ फुलांतील मकरंदात असते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १०४ रुग्णांचे दोन समान गट होते. मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुरहित झाल्या. सिल्व्हर सल्फाडायझीनच्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. पुढे १९९६ मध्ये १०० रुग्णांवरील तुलनेत मधाने सर्व, तर बटाट्याच्या सालीने निम्म्या जखमा पंधरा दिवसांत भरून आल्या.

या निष्कर्षांना मर्यादाही आहेत. एकाच केंद्रातील चाचण्यांना अन्यत्र पुष्टी मिळणे आवश्यक असते. शिवाय सुब्रह्मण्यम् यांनीच १९९९ मध्ये असे दाखविले, की मध्यम प्रमाणात भाजलेल्या रुग्णांत मृत त्वचा लवकर छेदून त्वचारोपण करणे मधापेक्षा श्रेयस्कर ठरते. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार अंशतः खोल जखमा मधाने नेहमीच्या उपचारांपेक्षा चार ते पाच दिवस लवकर भरतात.

त्वचेची पूर्ण जाडी जळाल्यास जखम फक्त कडेने भरू शकते. म्हणून विस्तृत व खोल जखमेला कोणतेही मलम पुरेसे पडत नाही व बहुधा त्वचारोपण करावे लागते. भाजताच तो भाग वाहत्या थंड पाण्याखाली सु. २० मिनिटे धरणे हा प्रथमोपचार होय. हळद, शाई वा दंतमंजन यांचे घरगुती लेप जखमेची खोली झाकतात व संसर्गास वाव देतात. त्यामुळे वैद्यकीय तपासणीपूर्वी ते लावणे टाळावे.